मतभेद आणि निष्ठा

‘तुमचे पोप कधीच चुकत नाहीत, असे तुम्ही कॅथोलिक मानता ना?’ असा प्रश्न इतर धर्मीय मित्रांनी विचारला की, आपल्यातील काही जण घाईने ‘होय’ म्हणतात, तर काही विषय बदलतात. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पोप महोदयांच्या अप्रमादित्वाची, म्हणजे विशिष्ट प्रसंगी त्यांची शिकवण प्रमादापासून मुक्त राखली जाण्याची व्याख्या मोठ्या वादातून सिद्ध झाली. त्या वादाचा इतिहास जाणून घेतला, तर त्या शिकवणुकीचा अर्थ उलगडतो. शिवाय आपल्या मनाला न पटलेला निर्णय ख्रिस्तसभेने घेतला, तर श्रद्धावंताने कसे वागावे, या अधिक अवघड प्रश्नावरही प्रकाश पडतो.

पोप नववे पायस यांनी बोलावलेल्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेचा आरंभ ८ डिसेंबर १८६९ रोजी झाला. वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप मॅनिंग यांच्यासारखे बहुसंख्य धर्मपिते अप्रमादित्वाची व्याख्या व्हावी या मताचे होते. विरोध करणाऱ्यांत जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, फ्रान्स व अमेरिका येथील अनेक बिशप होते. हे कोणी श्रद्धाहीन बंडखोर नव्हते. रोटेनबर्गचे बिशप हेफेले हे तर धर्मपरिषदांच्या इतिहासाचे नामांकित अभ्यासक. सातव्या शतकातील पोप होनोरियस यांना त्यांच्या मृत्यूनंतर, ६८०-६८१ साली भरलेल्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने दोषी ठरविले होते. त्याचा उलगडा कसा करावयाचा, हा त्यांचा प्रश्न होता. इतर काहींना ही शिकवण मान्य होती. परंतु व्याख्येची ती वेळ नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

१३ जुलै १८७० रोजी झालेल्या मतदानात ४५१ जणांनी होकार दिला, ८८ जणांनी नकार दिला आणि ६२ जणांनी दुरुस्तीच्या अटीवर संमती दिली. पोप महोदयांच्या समक्ष नकार उच्चारावा लागू नये म्हणून विरोधकांपैकी अनेक जण अंतिम बैठकीपूर्वीच रोम सोडून गेले. १८ जुलैच्या त्या बैठकीत ५३३ होकार आले. नकार केवळ दोनच आले. एक इटलीतील कायाझ्झोचे बिशप रिचिओ यांचा आणि दुसरा अमेरिकेतील लिटल रॉकचे बिशप फिट्झजेराल्ड यांचा. व्याख्या घोषित होताच या दोघांनीही तिचा स्वीकार केला.

मग हा सारा विरोध व्यर्थ गेला काय? मला तसे वाटत नाही. वादाच्या ओघात त्या प्रकरणाचे शीर्षकच बदलले. ‘रोमच्या पोपचे अप्रमादित्व’ याऐवजी ‘रोमच्या पोपची अप्रमादी शिकवण’ असे शब्द आले. भर व्यक्तीवरून शिकविण्याच्या कार्यावर गेला. ब्रिक्सेनचे बिशप गासर यांनी ११ जुलै रोजी प्रदीर्घ निवेदन करून या अधिकाराच्या मर्यादा स्पष्ट केल्या. सर्व ख्रिस्ती जनांचे मेंढपाळ व शिक्षक या नात्याने, श्रद्धा वा नीती यांसंबंधीची शिकवण अखिल ख्रिस्तसभेने मानलीच पाहिजे असे पोप महोदय निर्णायकपणे घोषित करतात, तेव्हाच हे अप्रमादित्व लागू होते. त्यांची खाजगी मते, राजकीय निर्णय वा रोजची भाषणे यांना ते लागू नाही. ते निष्पाप आहेत, असा तर त्याचा अर्थ मुळीच नाही. पोप महोदयही आपल्यासारखेच पापनिवेदन करतात.

खरी कसोटी परिषदेनंतर लागली. हेफेले यांनी अनेक महिने मनाशी झुंज दिली आणि १८७१ च्या एप्रिलमध्ये आपल्या धर्मप्रांतात तो ठराव प्रसिद्ध केला. म्युनिकचे थोर इतिहासकार फादर डॉलिंगर यांना मात्र तो स्वीकारता आला नाही. त्याच महिन्यात त्यांना बहिष्कृत करण्यात आले. त्यांच्या बाजूचे काही जण पुढे ‘जुने कॅथोलिक’ म्हणून वेगळे झाले. परंतु एका वेदीसमोर दुसरी वेदी उभारणे डॉलिंगर यांना रुचले नाही. १८९० साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते त्या एकाकी अवस्थेतच मरण पावले. इंग्लंडमध्ये जॉन हेन्री न्यूमन यांना ही व्याख्या अकाली वाटली होती. तरीही त्यांनी ती स्वीकारली आणि १८७५ साली नॉरफोकच्या ड्यूकना लिहिलेल्या जाहीर पत्रात पोपच्या अधिकाराबरोबरच सदसद्विवेकबुद्धीचीही थोरवी प्रतिपादन केली. हेच न्यूमन २०१९ साली संत म्हणून घोषित झाले.

डॉलिंगर यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटतो. न पटलेले पटले असे म्हणणे हे असत्यच. तथापि आपली विद्वत्ता हेच सत्याचे अंतिम न्यायासन आहे काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला पुरेसा विचारला नाही, असे मला वाटते. न्यूमन यांनी विवेकाचा आवाज दडपला नाही आणि ख्रिस्तसभेचा हातही सोडला नाही. काळ व पवित्र आत्मा आपले कार्य करतील, हा त्यांचा विश्वास फळास आला. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पोप महोदयांच्या अधिकारासोबत बिशपांच्या सामूहिक अधिकाराची आणि श्रद्धावंतांच्या श्रद्धाजाणिवेची शिकवण मांडली.

अधिकाऱ्यांनीही यातून बोध घ्यावा. १८७० नंतर या अधिकाराचा निर्विवाद वापर एकदाच झाला. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचे श्रद्धासत्य पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी घोषित केले. त्यापूर्वी, १९४६ साली, त्यांनी जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून त्यांचे व त्यांच्या लोकांचे मत विचारले होते. ज्याचा शब्द अखेरचा, त्याने प्रथम ऐकून घ्यावे, हा धडा धर्मग्रामाच्या सभेला लागू आहे, तसाच घरातील वडीलधाऱ्यांनाही आहे. आणि ज्याचे मत डावलले गेले, त्याने सत्य सांगावे, परंतु घर सोडू नये. त्या अठ्ठ्याऐंशी जणांतील बहुतेकांनी हेच केले. म्हणूनच त्यांचा नकारही ख्रिस्तसभेच्या सेवेस लागला.