दारातली दोन मिनिटं

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमाराला डोंबिवली, ठाणे, कोथरूड, पिंपरी, कुठल्याही भागातल्या पाळणाघराच्या दारात उभं राहिलं तरी एकच संवाद ऐकू येतो. ‘जेवला?’ ‘वरणभात संपवला, भाजीला हात लावला नाही.’ ‘झोपला?’ ‘दीड तास.’ ‘शी?’ ‘दुपारी झाली.’ तेवढ्यात दप्तर, पाण्याची बाटली, ओल्या कपड्यांची पिशवी हातात येते, उजवी चप्पल डाव्या पायात चढते, ‘काकूंना टाटा कर’ होतं आणि आई किंवा बाबा मुलाला कडेवर घेऊन जिना उतरायला लागतात. सगळं मिळून दोन मिनिटं. मागे पुढचा पालक उभाच असतो.

या तीन प्रश्नांत चूक काहीच नाही. पोटाचा आणि झोपेचा हिशेब लागल्याशिवाय आईच्या जिवाला चैन पडत नाही, आणि रात्री मूल का किरकिरतंय हे कळायलाही त्याच हिशेबाचा उपयोग होतो. पण नऊ-दहा तासांत त्या मुलाने आणखी बरंच काही केलेलं असतं. खिडकीत येणाऱ्या कावळ्याला नाव दिलेलं असतं. ‘काल’ हा शब्द पहिल्यांदा बरोबर वापरलेला असतो. दोन वाट्या सारख्याच असूनही एकीतच जास्त खीर आहे म्हणून भांडण केलेलं असतं. शिकणं म्हणतात ते हेच, आणि नेमकं तेच दारात कोणी कोणाला सांगत नाही. कामात बुडालेल्या पालकांना मुलांच्या शिकण्यात ओढून घ्यायचं, तर त्यांच्याकडे वेळ मागून भागणार नाही. तो त्यांच्याकडे नाहीच. पाळणाघराने त्यांना घरी न्यायला एखादा विषय द्यावा. बाकीचं काम आई-बाप आणि मूल आपापसात करतात.

सध्या ‘पालकांचा सहभाग’ या नावाखाली जे चालतं, ते बहुतेक शाळेकडून उसनं आणलेलं असतं. शनिवारी सकाळी अकराची पालकसभा, तिथे कारखान्यात दुसरी पाळी असलेला बाप येऊच शकत नाही. घरी करून आणायचा कापसाचा ससा, तो रात्री साडेअकरा वाजता आईच चिकटवते आणि मूल तेव्हा गाढ झोपलेलं असतं. शिवाय व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज पडणारे वीस-पंचवीस फोटो असतातच. लोकलमध्ये उभ्याउभ्या ते बघून आई एक अंगठा पाठवते. मूल रंगात हात बुडवून बसलं होतं, एवढं फोटोवरून कळतं. रंगवताना ते काय बोलत होतं, निळ्यात पिवळा मिसळल्यावर त्याचा चेहरा कसा झाला, हे कळत नाही. त्यातून, काकूंच्या हातात फोन असतो तितका वेळ त्यांची नजर मुलांवर नसते. पंचवीस फोटोंऐवजी एक वाक्य मिळालं, तर दोघींचीही सोय होईल.

एवढ्याशा वाक्याने काय होणार, असं कोणी विचारेल. लहान मुलांच्या भाषेवर बरंच संशोधन झालं आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये बेट्टी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी सधन आणि गरीब घरांतल्या मुलांच्या कानांवर पडणाऱ्या शब्दांच्या संख्येत मोठी तफावत असते, असं मांडलं. त्यावर पुढे बरीच टीका झाली, पण मुलाशी सतत बोलत राहावं हा सल्ला तिथून सगळीकडे पसरला. पुढे २०१८ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. कानांवर किती शब्द पडले यापेक्षा मोठं माणूस आणि मूल यांच्यात बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा झाली, याचा मेंदूतल्या भाषेच्या कामाशी जास्त संबंध दिसला. म्हणजे दिवसभर मुलाच्या कानाशी बडबड करणं गरजेचं नाही. तू बोल, मी बोलते, मग पुन्हा तू, असं दहा मिनिटं झालं तरी ते वाया जात नाही. दमून घरी आलेल्या माणसाला यापेक्षा दिलासा देणारं संशोधन सापडणं कठीण.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे तीन हजार मुलांचा बालवयापासून मागोवा घेतला गेला. पालकांचं शिक्षण किंवा उत्पन्न किती, यापेक्षा ते घरी मुलाबरोबर काय करतात याला जास्त महत्त्व असल्याचं त्यातून पुढे आलं. गोष्ट वाचणं, गाणी म्हणणं, चित्रं काढणं, अक्षरं-आकडे दाखवणं असली साधीच कामं होती ती. पदवी नसलेल्या आईलाही ती जमतात. अडचण येते ती दुसरीकडे. दिवसभर मूल आपल्यापासून लांब होतं. त्याच्या डोक्यात आज काय चाललंय हे ठाऊक नसेल तर बोलायला सुरुवात कुठून करायची? ‘आज काय केलंस?’ असं विचारलं की तीन वर्षांचं मूल ‘काही नाही’ म्हणतं आणि विषय संपतो.

समजा, काकूंनी दारात सांगितलं: ‘आज मटार सोलायला बसवलं होतं. एका शेंगेत सात दाणे निघाले. तेव्हापासून प्रत्येक शेंगेला विचारतेय, तुझ्यात किती?’ आता ही आई घरी जाऊन भाजी निवडणारच आहे. ओट्यापाशी चार शेंगा मुलीच्या हातात दिल्या की झालं. मुलगी मोजेल, पाच म्हणेल आणि एक दाणा तोंडात टाकेल. आई विचारेल, आता किती राहिले? वेगळा वेळ काढावा लागला नाही, वही उघडावी लागली नाही, आणि वजाबाकीची पहिली चव मुलीला दाण्यासकट मिळाली. हेच काकूंनी ‘आज नंबर्स घेतले, घरी प्रॅक्टिस करून घ्या’ असं सांगितलं असतं, तर आईच्या डोक्यावर कामाची आणखी एक चिठ्ठी चिकटली असती आणि मुलीला गृहपाठाचा वास आला असता.

चांगलं वाक्य कसं असतं, हे या उदाहरणावरून काढता येईल. मुलाने काय केलं किंवा काय विचारलं, ते त्यात असतं. मूल कसं आहे याचा निवाडा नसतो. ‘फार हुशार आहे हो’ आणि ‘फार मस्ती करतो हो’ या दोन्हींनी बोलणं बंदच पडतं. पहिल्याने पालक सुखावतो, दुसऱ्याने ओशाळतो, पण घरी करायला काहीच हाती लागत नाही. तक्रारीचं तर दारात काम नाही. मुलाने आज कोणाला चावा घेतला, हे इतर चार पालकांसमोर सांगितलं की बापाचा चेहरा पडतो आणि दुसऱ्या दिवशी तो गाडीतून उतरतच नाही, हॉर्न वाजवून मूल मागवतो. असलं काही सांगायचं असेल तर रात्री नऊनंतर फोन करावा.

मुलाला घरातल्या नेहमीच्या कामांत ओढता येईल असं वाक्य सर्वांत उपयोगी. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं म्हणजे वर्गीकरण. कणकेच्या गोळ्याचे लहान-मोठे पेढे करणं म्हणजे आकारमान, आणि बोटांची ताकदही. हीच बोटं पुढे पेन्सिल धरणार आहेत. लिफ्टच्या बटणांवर आकडे असतात, दोरीवर लाल चिमटा-हिरवा चिमटा असा क्रम लावता येतो. बालवाडीच्या बाई यासाठी महागडं साहित्य आणतात; घरात ते रोज हाताखालून जातं. आज पाळणाघरात यातलं काय रंगलं, एवढं फक्त पालकाला कळायला हवं.

पालकांच्या सोयीने शिक्षण नेण्याचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. त्यांच्या मागे शेरडं होती, धाकटी भावंडं होती. ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी आई-बापांना बोल लावला नाही. त्या बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात घेऊन गेल्या. बिया, पानं, शंख-शिंपले हेच साहित्य झालं. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेलं. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच पाळणाघर सुरू केलं. मोबाइल क्रेशेस या संस्थेचं ते काम पुढे मुंबई-पुण्यातही आलं. दोन्हीकडे आई-बापांनी आपलं काम सोडून संस्थेकडे यावं अशी अपेक्षा नव्हती. संस्थाच त्यांच्या दिवसात शिरली. शहरातल्या पाळणाघराला शिरायला वाट आहे ती संध्याकाळच्या त्या दोन मिनिटांची.

जमैकात १९८० च्या दशकात झालेला एक प्रयोग इथे आठवतो. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या, कुपोषणाने वाढ खुंटलेल्या तान्ह्या-रांगत्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात. सोबत टाकाऊ वस्तूंची खेळणी असत. सेविका मुलाशी खेळे, पण खरा रोख आईवर असे. खेळायचं कसं ते ती आईला दाखवून येई. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के जास्त असल्याचं आढळलं. आठवड्यातल्या त्या एका तासात सेविकेने जे पेरलं, ते उरलेल्या सहा दिवसांत आईच्या हातून वाढलं असणार.

आता उलट वाट. पाळणाघराने सांगायचं आणि पालकांनी ऐकायचं, एवढंच झालं तर तो सहभाग कसला? मूल घरात पाण्याला काय म्हणतं, आजी कुठली गोष्ट सांगते, बाबा कामावर काय करतात, हे काकूंना माहीत असेल तर दिवस वेगळाच जातो. पुण्याच्या एखाद्या पाळणाघरात आज मालवणी बोलणारं, तेलुगू बोलणारं आणि हिंदी बोलणारं मूल एकाच सतरंजीवर झोपतं. आईने लोकलमध्ये बसल्या जागी आपल्या भाषेत दोन मिनिटांची गोष्ट फोनवर बोलून पाठवावी, काकूंनी ती दुपारी झोपवताना लावावी. मुलाला आईचा आवाज मिळतो, बाकीच्यांना एक नवी भाषा ऐकायला मिळते, आणि आईला एरवी फुकट गेलेल्या प्रवासात मुलासाठी काही केल्याचं समाधान.

बाबांचं काय? पाळणाघरात एक अलिखित रीत आहे. न्यायला बाप आला की त्याच्या हातात दप्तर द्यायचं आणि सांगायचं ते आईला फोन करून सांगायचं. कायद्याचीही नजर तशीच. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा दिली, ती आईला. वडील त्यात कुठे नाहीत. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. मटाराची गोष्ट बाबांना सांगायला काकूंना कोणाची परवानगी लागत नाही. बाप ती घरी नेतो, आईला सांगतो, आणि सांगता सांगता तोही त्यात अडकतो.

यावर काकू म्हणतील, मला तरी कुठे वेळ आहे? खरंच आहे. एक बाई, हाताखाली एक मदतनीस, दहा-बारा मुलं. त्यात एकाला ताप, एकीने फरशीवर दूध सांडलेलं. म्हणून रोज प्रत्येकासाठी काही शोधायचा अट्टहास नको. दिवसाला दोन-तीन मुलं धरली तरी आठवड्यात सगळ्यांची पाळी येते. आणि विसरायला होतं, तर दुधाचा हिशेब लिहायची भिंतीवरची दिनदर्शिका आहेच. त्या दिवसाच्या चौकटीत ‘मटार’, ‘कावळा’ एवढा एक शब्द खरडला की संध्याकाळी वाक्य आठवतं. पालकांनीही त्याचा नवा नेम करू नये. एखाद्या रात्री आई इतकी दमलेली असते की मुलाला कुशीत घेऊन नुसतं पडून राहणंच तिला शक्य असतं. त्या रात्री मटार राहू द्यावा. बारा तासांची पाळी आणि दोन तासांचा प्रवास यांवर उतारा पाळणाघराकडे नाही. त्यासाठी कामाच्या वेळांवर आणि पगारांवर बोलावं लागेल.

बोलावं लागेल ते आणखी एका गोष्टीवर. आपल्या मनात सांभाळणारी वेगळी आणि शिकवणारी वेगळी अशी वाटणी पक्की आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या वयाला शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानलं, तेव्हा चर्चा झाली ती शाळांची, अंगणवाड्यांची, नर्सरीच्या प्रवेशाची. दोन खोल्यांच्या घरात दहा मुलं वाढवणाऱ्या बाईला कोणी काही विचारलं नाही, प्रशिक्षण देऊ केलं नाही. मुलाची जीभ कुठल्या अक्षराला अडखळते, ते कुठल्या खेळात स्वतःला विसरतं, कोणाच्या आवाजाला बिचकतं, हे तिला कुठल्याही चाचणीच्या आधी कळलेलं असतं. तिच्याकडून ते ऐकायचं तर आधी तिचं मत मोलाचं आहे हे पालकांना पटायला हवं. आज ब्रँडच्या प्रीस्कूलची भरमसाट फी निमूटपणे भरणारे पालकच काकूंनी महिन्याला पाचशे रुपये वाढवले की घासाघीस करतात. ती घासाघीस थांबली, की सहभागाच्या गोष्टी मनापासून चालल्या आहेत असं खुशाल समजावं.