सही आणि संमती



जून १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळेत डॉक्टरांनी काही मुलांच्या नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडच्या गाठी काढल्या. मुलांचे गळे चिरतात अशी अफवा उठली आणि पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी आया शाळांवर धावून गेल्या. अफवा खोटी होती. पण जाब विचारण्याचा त्यांचा हक्कही खोटा होता काय? १९३४ साली त्याच शहरात टॉन्सिल्स न काढलेली ३८९ मुले डॉक्टरांनी तपासली. १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. 'गरज नाही' म्हटलेली २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, तेव्हा त्यांतल्याही ९९ जणांना सुचवली!

झोपेत श्वास अडत असेल तर शस्त्रक्रिया वरदानच. परंतु मुलाच्या वतीने होकार आपण देतो, म्हणून 'का?' विचारणे आपले कर्तव्य आणि समजेल अशा भाषेत सांगणे डॉक्टरांचे. न समजलेल्या कागदावरची सही म्हणजे संमती नव्हे.