आसनावरून उठल्यानंतर

इगतपुरीच्या धम्मगिरीवरील दहा दिवसांचे विपश्यना शिबिर आटोपून परतलो, त्याच संध्याकाळी मी आईवर खेकसलो. विस्मरणाने ग्रासलेली ती माउली ‘दार लावलंस का रे?’ हा एकच प्रश्न पाचव्यांदा विचारीत होती. पहाटे चारला उठून, मौन पाळून कमावलेली माझी शांती उंबरठ्यावरच सांडली. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे : ध्यानाचे मोल कोठे ठरते, आसनावर की आसनावरून उठल्यानंतर?

ही साधना भारतात १९६९ मध्ये पुन्हा घेऊन आले ते सत्यनारायण गोएंका. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते, सरकारी नोकर होते. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, तेव्हा ते त्या देशाचे महालेखापाल झाले. त्यांनी आपल्या कचेरीतच सहकाऱ्यांना ध्यान शिकवले. जमाखर्चाच्या वह्यांमध्ये वावरणाऱ्या माणसाने ध्यानासाठी अरण्य शोधले नाही, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते. सतिपट्ठान सुत्तातही चालताना, जेवताना, वस्त्र नेसताना जागे राहण्याचाच उपदेश आहे.

परंतु येथे एक शंका उभी राहते. मनातील प्रत्येक वेदना तटस्थपणे पाहणारा माणूस दुसऱ्याच्या वेदनेकडेही तसाच तटस्थपणे पाहू लागला तर? समता आणि बेपर्वाई यांचे चेहरे दुरून सारखेच दिसतात.

याचे उत्तर शिबिराच्या क्रमातच आहे. आरंभी पंचशीलाचे व्रत घ्यावे लागते. मग श्वास, मग शरीरावरील संवेदना. आणि दहाव्या दिवशी सर्व प्राण्यांचे मंगल चिंतणारी मैत्रीभावना. सदाचाराचा पाया आणि मैत्रीचा कळस नसेल, तर मधली शांती हे केवळ मनाचे सुखासीनपण ठरेल.

आपल्या धर्मसभेनेही याच ठिकाणी बोट ठेवले आहे. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही आपण नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सांगितले. ख्रिस्ती ध्यानप्रार्थनेविषयीच्या १९८९ च्या पत्राने मात्र सावध केले, की शरीराच्या स्वस्थतेलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये. म्हणजे शांत वाटणे हा पुरावा नव्हे. प्रीती हाच पुरावा.

आता आईने तोच प्रश्न पुन्हा केला, की छातीत उष्ण लाट उठते. ती उठली हे मी पाहतो. एक श्वास जाऊ देतो. मग तिचा हात धरून दारापाशी नेतो आणि कडी दाखवतो. कधी हे साधते, कधी साधत नाही. साधत नाही त्या दिवशी मी तिची क्षमा मागतो. ती विसरून गेलेली असते. मी विसरता कामा नये.