कागदाची धार

तलवारीच्या पात्याची मनुष्याला धास्ती असते, कागदाची नसते. म्हणूनच कागद बेसावध बोटाला कापतो. रक्ताचा थेंबही धड येत नाही, पण पुढे दिवसभर त्या बोटाला मीठ, लिंबू काही सोसत नाही. एवढ्याशा जखमेला एवढी वेदना का, हा प्रश्न शरीरशास्त्राचा आहे, तसा नीतिशास्त्राचाही आहे.

शरीरशास्त्राचे उत्तर असे, की वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोके बोटांच्या अग्रांत अत्यंत दाट असतात. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ साली मेंदूतील स्पर्शक्षेत्राचा जो नकाशा मांडला, त्यात धडाला थोडी जागा आणि बोटे व ओठ यांना कितीतरी अधिक आहे. शिवाय जखम उथळ असल्याने रक्ताची गुठळी तिच्यावर नीट बसत नाही, आणि बोटाला विश्रांती नसल्यामुळे ती पुनःपुन्हा उघडते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२४ साली जिलेटिनवर निरनिराळे कागद चालवून पाहिले. सुमारे ६५ मायक्रोमीटर जाडीचा कागद सर्वांत घातक ठरला. त्याहून पातळ वाकतो, जाड नुसता दाबतो. बायबलचा तलम कागद बहुधा वाकतो, वर्तमानपत्राचा कापतो. यावर विनोद करण्याचा मोह मी आवरतो.

पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. साच्यात माल भरणारे हात राठ झाले तरी चालतात. डोळ्यांची आखणी करणारा हात मात्र तसा होऊन भागत नाही. केसाएवढी रेघ ओढताना कुंचल्याचा भार ज्या बोटांना कळतो, तीच बोटे कागदाने कापली की कळवळतात. स्पर्शाचे आणि वेदनेचे तंतू निराळे खरे, पण दोन्हींची दाटी तेथेच.

मग हळवेपणा हा दोष म्हणावा काय? वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की रुग्णांच्या हातापायांची बरीचशी हानी वेदना हरपल्यामुळे होते. भाजले तरी कळत नाही, म्हणून हात मागे घेतला जात नाही. मनाचेही असेच होते. टोमण्याने काहीच वाटेनासे झालेला मनुष्य स्वतः टोमणा मारतानाही काही जाणत नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक ओरखडा जपत बसले तर संसार चालावयाचा नाही. मान्य. परंतु सहन करावे की बोलून दाखवावे, हे ज्याचे बोट कापले त्याने ठरवावयाचे असते. आपल्या घरांतून नेमके उलट घडते. सून जेवणावरच्या एका शब्दाने दुखावते आणि तिला ऐकविले जाते, "लोकांची घरे वाहून गेली, तुझे काय एवढे?" दुसऱ्याचे पूरग्रस्त घर तिच्या तोंडावर हात ठेवण्यासाठी वापरणे, हा त्या पूरग्रस्ताचाही अपमान आहे. मूळ शब्दापेक्षा हे उत्तर मला अधिक गंभीर वाटते. कारण शब्द अनवधानाने सुटला असेल, उत्तर मात्र जाणून दिलेले असते.

संत पौलाने करिंथकरांस लिहिताना आपल्या दुखण्याला शरीरातील काटा म्हटले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खुंटा असाही होतो, आणि ते दुखणे कोणते यावर पंडितांचे आजवर एकमत नाही. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, उत्तर मात्र मिळाले. त्या उत्तरात काटा केवढा, हे कोणी विचारलेले नाही.