खापर थंडीवर फोडू नकोस

बस. कॅमेरा टेबलावर ठेव, आणि ‘सर, तिथली थंडीच तशी होती’ हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नकोस. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, जानेवारीत तिथे पारा शून्याच्या खाली दहा-पंधरा अंश उतरतो, हे भिवंडीतल्या टेमघरहून निघण्याआधी तुला ठाऊक होतं. महिनाभर तू मला तिकिटं दाखवलीस, नवं जाकीट दाखवलंस. कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका एकदा तरी उघडलीस? बहुतेक कॅमेऱ्यांना ० ते ४० अंश सेल्सिअस ही मर्यादा घातलेली असते. त्याखाली कॅमेरा चालतो, पण चालवणाऱ्याच्या जबाबदारीवर.

बॅटरी बाद निघाली म्हणतोस. बाद तिला तू केलंस. थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, आणि भरलेली बॅटरीसुद्धा रिकामी असल्यासारखी वागते. ती मेलेली नसते, गारठलेली असते. आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवली की बरीचशी परत येते. एक कॅमेऱ्यात, दोन छातीशी, आणि आळीपाळीने बदलत राहा, हे याच खोलीत फळ्यावर लिहिलं होतं. तू एकच नेलीस आणि गारठलेली तशीच चार्जरला लावलीस. शून्याखाली चार्ज केलं की आत धातुरूप लिथियमचा थर बसतो. ते नुकसान कुठल्याही उबेने भरून निघत नाही.

पण बॅटरी नवी मिळेल. माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. पँगाँग तळ्याच्या काठावरून आलास, थेट बुखारीची शेगडी पेटलेल्या खोलीत शिरलास, आणि चहाची वाफ तोंडावर येत असताना कॅमेरा काढून, लेन्स उतरवून बसलास. मे महिन्यात फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, हे भिवंडीच्या उकाड्यात वाढलेल्या मुलाला मी शिकवायचं? तोच घाम तुझ्या सेन्सरवर फुटला. बाहेर थंडीतच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद केलं असतंस, तर पाणी पिशवीवर जमलं असतं. मग दोन-तीन तास हात लावायचा नव्हता. तेवढा धीर तुला धरवला नाही, कारण फोटो लगेच दाखवायचे होते.

फ्रँक हर्ली ऐकलाय? शॅकल्टनच्या मोहिमेतला छायाचित्रकार. १९१५मध्ये त्यांचं एन्ड्युरन्स जहाज अंटार्क्टिकच्या बर्फात चिरडलं, तेव्हा त्याने बर्फगार पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्ह वर काढल्या. सगळ्या नेणं शक्य नव्हतं, म्हणून एकेक पारखून सुमारे १२० ठेवल्या आणि ४००च्या आसपास स्वतः फोडल्या. कामाची किंमत कळणारा माणूस असा वागतो. तुला एक पिशवी बांधता आली नाही.

आणि जे फोटो वाचले, ते बघ. बर्फ राखाडी! कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. पांढरं दिसलं की तो प्रकाश कमी करतो. तिथे एक ते दोन स्टॉप वाढवायचे, हिस्टोग्राम पाहायचा, रॉमध्ये टिपायचं. तू सगळं यंत्रावर सोडून मोकळा झालास. आपल्याकडचा मागवाला खडखडाटातही तुटलेला धागा हेरतो, माग थांबवतो, गाठ मारतो, मगच पुढे जातो. तू पाच दिवस तुटलेल्या धाग्यावर कापड विणत राहिलास.

मला तुझा राग येतो, कारण तुझी नजर चांगली आहे. डोंगराची सावली तळ्यावर उतरते तो क्षण तू अचूक ओळखलास, आणि बेफिकिरीने घालवलास.

आता कॅमेरा दुरुस्तीला टाक. तोवर माझा घे. उद्यापासून रोज दुपारी गच्चीवर पांढरी चादर पसर आणि ती पांढरीच दिसेल असा फोटो आण. जाड हातमोजे घालून, डोळे मिटून बॅटरी बदलायला शीक. बर्फाची तयारी टेमघरच्या उन्हातच होते. चादर पांढरी आल्याशिवाय पुढच्या प्रवासाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.