तारीख, क्षण आणि सत्यवचन

लिहिलेली तारीख काळाविषयी काही सांगते, की काळ मोजणाऱ्या माणसांनी आपसांत ठरवलेल्या संकेताविषयी, हा प्रश्न भारतीय दर्शनांना जुना आहे, आणि संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांसमोर तो रोज नव्याने उभा राहतो. आज्ञावलीला तारखेसंबंधी दोन कामे करावी लागतात. यंत्राने आपल्यापाशी ठेवलेला कालांक माणसाला वाचता येईल अशा रूपात लिहून दाखवणे हे पहिले काम. त्याला मांडणी किंवा फॉर्मॅटिंग म्हणतात. माणसाने लिहिलेल्या अक्षरांतून आणि अंकांतून यंत्राला कळेल असा कालांक काढणे हे दुसरे. त्याला उकल किंवा पार्सिंग म्हणतात. मांडणी त्या मानाने सोपी असते, कारण मांडणाऱ्याला आपला संकेत ठाऊक असतो. उकल अवघड ठरते, कारण लिहिणाऱ्याने जे गृहीत धरले ते त्याने लिहिलेले नसते. ‘०३/०४/२०२५’ ही अक्षरे पुण्यात ३ एप्रिल सांगतात आणि अमेरिकेत ४ मार्च. दोन्ही वाचक प्रामाणिक, दोन्ही वाचने नियमाला धरून, आणि तरीही त्यांतील एक खोटे. ज्या वचनातून वाचणाऱ्याला निश्चित बोध होत नाही, त्याला सत्य म्हणता येईल काय, हा येथील विचाराचा विषय आहे. मावळ आणि लोणावळ्याचा परिसर त्यासाठी विशेष उपयोगाचा आहे, कारण काळ लिहिण्याच्या कित्येक पद्धतींनी येथे आपापल्या खुणा ठेवल्या आहेत.

त्यांतील सर्वांत जुन्या खुणा कार्ल्याच्या लेण्यात आहेत. प्राचीन काळी वलूरक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लेण्यातील भिक्षुसंघाला सोमदेव नावाच्या महारठीने एक गाव दान दिले आणि ते दान चैत्यगृहाच्या दर्शनी भागात कोरून ठेवले. त्या लेखातील कालनिर्देश असा आहे की, वासिष्ठीपुत्र पुळुमावी राजाचे सातवे वर्ष, ग्रीष्माचा पाचवा पंधरवडा, पहिला दिवस. तेव्हाच्या या गणनेत वर्षाचे ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत असे तीन ऋतू धरले जात, प्रत्येक ऋतूचे आठ पंधरवडे होत, आणि दिवस पंधरवड्यात मोजला जाई. मासाचे नाव घालण्याची गरजच नव्हती. त्याच लेण्यात चोविसाव्या वर्षाचा आणखी एक लेख आहे. हरफरण नावाच्या उपासकाने दिलेल्या मंडपाची तो नोंद करतो आणि हेमंताचा तिसरा पंधरवडा, दुसरा दिवस असा काळ सांगतो. दोन्ही लेखांत प्रत्येक संख्या आधी शब्दाने आणि लगेच अंकाने लिहिली आहे. आजची आज्ञावली माहिती शुद्ध राहावी म्हणून तीच गोष्ट दोन प्रकारे नोंदवून पडताळते; कोरणाऱ्याने दगडाचा एखादा कपचा उडाला तरी संख्या वाचता यावी अशी सोय दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवली होती. हे लेखन निष्काळजी माणसाचे नव्हे.

इतकी काळजी घेऊनही या तारखेची पूर्ण उकल आज होत नाही. ऋतू कळतो, पंधरवडा कळतो, दिवस कळतो. परंतु पुळुमावी गादीवर केव्हा बसला हे लेखात नाही, कारण ते त्या काळच्या मावळात सर्वांना ठाऊक होते. अभ्यासकांनी त्याचा राज्यारंभ कोणी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात, तर कोणी दुसऱ्या शतकात धरला आहे, आणि त्या प्रमाणात हा काटेकोर दिवस अनेक दशकांच्या पट्ट्यात मागेपुढे सरकतो. सर्व संस्कार अनित्य आहेत असे मानणाऱ्या संघासाठी हा दिवस कोरला गेला, याकडेही लक्ष द्यावे लागते. अनित्यतेचा उपदेश करणाऱ्यांनी काळाची नोंद निरर्थक मानली नाही. दान कोणी, कोणाला आणि केव्हा दिले हे पुढच्यांना निःसंदिग्धपणे कळले पाहिजे, असाच त्यांचा आग्रह दिसतो. जे सगळ्यांना माहीत असते तेच लिहायचे राहून जाते, आणि काळाच्या ओघात नेमके तेच आधी नाहीसे होते.

मावळातील कागदपत्रांत हीच अडचण वेगळ्या रूपाने येते. मराठेशाहीतील पत्रांवर सुहूर सन आढळतो, ज्याचे अंक अरबी संख्याशब्दांनी लिहिलेले असतात आणि ज्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर पालटते. म्हणून त्या सनात पावसाळ्याच्या आरंभापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवावे लागतात. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे त्यात बहुतेक महिने ७८ मिळवले तरी वर्षअखेरीस ७९ मिळवावे लागतात. तुकाराम महाराजांच्या निर्याणाची तिथी परंपरेने शके १५७१ फाल्गुन वद्य द्वितीया अशी सांगितली जाते. सरसकट ७८ मिळवले तर १६४९ हे साल येते, फाल्गुन वर्षाच्या शेवटी येतो हे ध्यानात घेतले तर १६५०, आणि छापील पुस्तकांत ही दोन्ही साले आढळतात. ज्या भंडारा डोंगरावर महाराज एकांतासाठी जात तो मावळातच, इंदोरीजवळ आहे, आणि तेथे जमणाऱ्या वारकऱ्यांना ‘बीज’ केव्हा हे ठाऊक असण्यासाठी यांपैकी कोणतेही साल लागत नाही, ही गोष्टही येथे नोंदवली पाहिजे.

याहून बोलके उदाहरण शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे आहे. बारा मावळांपैकी रोहिडखोऱ्याचे देशमुख असलेल्या जेध्यांच्या घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणली. तीत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी जन्माची नोंद आहे. तिची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० अशी धरली जाते आणि महाराष्ट्र शासनानेही तीच मान्य केली आहे. परंतु ही तारीख ज्युलियन पद्धतीची आहे, म्हणजे इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत चालू असलेल्या जुन्या दिनदर्शिकेची. आज जगभर रूढ असलेल्या ग्रेगोरियन पद्धतीत तोच दिवस १ मार्च १६३० होतो. संगणकाच्या बहुतेक आज्ञावली १५८२ नंतरची प्रत्येक तारीख ग्रेगोरियन समजतात. अशा आज्ञावलीला १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला तर ती मंगळवार सांगते, आणि १ मार्च विचारला तर शुक्रवार. यंत्राचे गणित दोन्ही वेळा अचूक आहे आणि शकावलीतील वारही खरा आहे. मधल्या एका रूपांतरात पद्धतीचे नाव लिहायचे राहिले, एवढ्याने दहा दिवसांचे अंतर पडले. तिथीबरोबर वार लिहिण्याची शकावलीकाराची शिस्त होती म्हणून ही चूक पकडता तरी येते.

काळाचा संकेत न वगळता लिहिण्याची एक पद्धत मावळातल्या घराघरांत पूजेच्या आरंभी आजही उच्चारली जाते, ती म्हणजे संकल्प. त्यात प्रथम कल्प, मग मन्वंतर, युग, शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र असा मोठ्याकडून लहानाकडे उतरत जाणारा क्रम असतो. आयएसओ ८६०१ हे तारखा लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असा जो उतरता क्रम त्याने घालून दिला त्याचे तत्त्व हेच आहे. संकल्पात देशाचाही उच्चार असतो: भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. देशावाचून काळ सांगितला तर तो अपुरा राहतो, ही जाणीव त्यामागे आहे आणि ती शास्त्रशुद्ध आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकण्यास लागणारा काळ म्हणजे तिथी, आणि सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची; सूर्योदय स्थळागणिक बदलतो, म्हणून सीमेवरची तिथी दोन गावांत दोन दिवशी पडू शकते. महाराष्ट्रात मास अमावास्येला संपतो आणि उत्तर हिंदुस्थानात पौर्णिमेला, त्यामुळे आळंदीची कार्तिक वद्य एकादशी तिकडे मार्गशीर्षात मोजली जाते. घड्याळाचेही असेच आहे. १ जानेवारी १९०६ पासून लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे, आणि लोणावळा त्याच्या सुमारे नऊ अंश पश्चिमेस असल्यामुळे तेथील मध्यान्ह सरासरीने घड्याळात बारा वाजून छत्तीस मिनिटांनी होतो. लोणावळ्याच्या घड्याळातील बारा हा सूर्याने दिलेला बारा नसून राष्ट्राने ठरवलेला आहे.

मग या सर्व संकेतांच्या मागे काळ म्हणून खरे असे काय उरते? वैशेषिकांच्या मते काळ हे एकच, नित्य आणि विभू द्रव्य आहे. तास, दिवस, वर्ष हे भेद सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे, म्हणजे बाहेरून चिकटलेल्या कारणांमुळे, भासतात. योगदर्शनाची भूमिका याहून कठोर आहे. पतंजलींच्या तिसऱ्या पादात क्षण आणि त्याचा क्रम यांवरील संयमाचे सूत्र आहे, आणि त्यावरील व्यासभाष्याचा आशय असा की परमाणूला एक स्थान सोडून पुढच्या स्थानी जाण्यास लागणारा अवधी तो क्षण, क्षणांचा अखंड ओघ तो क्रम. दोन क्षण कधीही एकत्र नसतात, म्हणून त्यांची बेरीजही वस्तुतः कोठे नसते, आणि मुहूर्त, अहोरात्र हे बुद्धीने केलेले समाहार आहेत. लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना केली आणि श्वासाच्या व नाडीच्या क्रिया उपकरणांनी मोजत योगाचा अभ्यास सुरू केला. मोजणाऱ्या विज्ञानाची आणि मापनाला बुद्धीची निर्मिती म्हणणाऱ्या शास्त्राची भेट या गावाला अपरिचित नाही.

संगणक क्षणांची बेरीज करतो असे वरवर पाहता वाटते. बहुसंख्य यंत्रणांतील युनिक्स कालांक म्हणजे १ जानेवारी १९७० च्या जागतिक प्रमाणवेळेतील मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद. मांडणी कशीही असो, आत हा एकच अंक असतो, आणि म्हणून तोच काळाचे खरे रूप, बाकी सारे वेश, असा पूर्वपक्ष सहज उभा राहतो. त्याला उत्तर त्या अंकाच्या व्याख्येतच आहे. युनिक्स कालांक प्रत्येक दिवस बरोबर ८६,४०० सेकंदांचा मानतो. प्रत्यक्षात पृथ्वीचे परिवलन अणुघड्याळाशी जुळत नाही, म्हणून १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत २७ अधिक सेकंद जागतिक वेळेत घालण्यात आले, आणि त्यांपैकी एकालाही या मोजणीत स्वतःचा अंक नाही. १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी लोणावळ्यातही एक सेकंद असा होऊन गेला की ज्याला या गणनेत जागा मिळाली नाही. तो क्षण घडला. बुद्धीच्या समाहारात तो बसला नाही. अतिशय काटेकोर यंत्राची मोजणीसुद्धा मुळात एक करार आहे, आणि याबाबतीत भाष्यकाराचा निर्णय अधिक खोल आहे असे म्हणावे लागते.

पूर्वपक्षाची दुसरी उणीव भविष्यकाळात दिसते. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताची घड्याळे एक तास पुढे होती. जो कार्यक्रम त्याआधी सकाळी नऊला ठरला असेल तो नव्या नऊलाच व्हायचा होता, कारण ठरवणाऱ्यांनी सेकंदांचा अंक ठरवला नव्हता, सकाळचे नऊ ठरवले होते. कार्ल्याच्या एकवीरेची चैत्रातली यात्रा, एकादशीचा उपवास, तुकाराम बीज या सर्वांचा काळ असाच संकेतात वसलेला आहे. त्यांना आज सेकंदांत गोठवून ठेवले, तर हिशेब शुद्ध राहून संकल्प मात्र चुकीचा नोंदला जाईल. उलट अपघात, जन्म किंवा बँकेतील व्यवहार या घडून गेलेल्या घटना आहेत, आणि त्यांना प्रमाणवेळेतील नेमका अंक देणेच योग्य. आज्ञावली लिहिणाऱ्याला हा भेद करावाच लागतो.

तारखेचा संकेत मानवी असल्यामुळे सत्याचे बंधन सैल होत नाही, उलट ते अधिक घट्ट होते. यमांचे विवरण करताना व्यासभाष्य सत्याची जी कसोटी देते ती फार नेमकी आहे: आपला बोध दुसऱ्याच्या ठिकाणी पोचवण्यासाठी वाणी असते, म्हणून ती फसवणारी नसावी, भ्रांत नसावी आणि ऐकणाऱ्याला बोधच न देणारी, अशी वांझही नसावी. तिसरी अट सहसा विसरली जाते. फसवण्याचा हेतू नसताना, चूकही नसताना, केवळ पद्धत न सांगितल्यामुळे जी तारीख वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही ती या कसोटीवर सत्यवचन ठरत नाही, आणि हा दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही.

मावळातील देवस्थानांच्या वह्या, घराण्यांची दप्तरे, जुनी पत्रे आणि शिलालेखांच्या नोंदी संगणकात उतरवण्याचे काम जे कोणी हाती घेतील, त्यांनी मूळ तिथी जशी लिहिली असेल तशीच अक्षरशः ठेवावी, शक की सुहूर, ज्युलियन की ग्रेगोरियन, कोणत्या गावची वेळ, हे शेजारी स्पष्ट लिहावे, आणि काढलेली इंग्रजी तारीख वेगळ्या रकान्यात, ती कशी काढली हे सांगून द्यावी.