वर कोणी आहे का?

 

गेल्या महिन्यात या पत्रिकेतून आमच्याकडून एक चूक झाली, ती आधी सांगून टाकतो. ‘हैदराबादच्या आकाशात परग्रहावरचे जीव सापडले, आपल्या ग्रंथांत हे आधीच लिहिलं होतं’ असा एक फॉरवर्ड आम्हाला आला. वाचून ऊर भरून आला आणि आम्ही तो तसाच पुढे पाठवला. वर महाराजांचा फोटोही लावला. दोन दिवसांत तो नांदेड-लातूरच्या नातेवाइकांकडून फिरून पुन्हा आमच्याच फोनवर आला. मग उप्पलच्या एका ताईंचा फोन. ताईंनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्या म्हणाल्या, “अहो, यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर जास्त त्रास होतो. खरी गोष्ट याहून चांगली आहे, ती का नाही सांगत?”

तर ती खरी गोष्ट.

आपल्या ईसीआयएलकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथून मोठमोठे फुगे उपकरणं घेऊन वर जातात आणि उपकरणं पॅराशूटने कुठेतरी शेतात उतरतात. डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यात असंच एक भलंमोठं यान उतरलं, तेव्हा बघायला गावच्या गाव लोटलं होतं. परग्रहावरून कोणी आलं अशी आवई उठली. निघालं काय, तर इथूनच सोडलेल्या फुग्याचं यान!

या केंद्रातून २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये इस्रोच्या मदतीने एक वेगळा प्रयोग झाला. प्रश्न साधा होता : खूप उंचावरच्या हवेत सूक्ष्मजीव आहेत का, आणि असले तर ते खालून गेले की वरून आले? २००५ च्या फुग्याबरोबर पोलादाच्या सोळा नळ्या होत्या, आतून पूर्ण निर्जंतुक आणि निर्वात केलेल्या. द्रवरूप निऑनने त्या इतक्या थंड ठेवल्या होत्या की वरची विरळ हवा आत ओढली जाऊन तिथेच गोठावी. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा अशी गोळा झाली. विमानं साधारण १०-१२ किलोमीटरवरून उडतात, यावरून अंदाज करा. मग नमुने दोन ठिकाणी वेगवेगळे तपासले, इथल्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून. जिवाणूंच्या बारा वसाहती मिळाल्या, बुरशीच्या सहा. बहुतेक ओळखीचे निघाले. पण जिवाणूंच्या तीन जाती कुठल्याही नोंदीत नव्हत्या, आणि अतिनील किरणांचा मारा त्या आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा जास्त सोसत होत्या. २००९ मध्ये हे जाहीर झालं. एकीला इस्रोचं नाव दिलं, एकीला आर्यभटाचं, आणि तिसरीला फ्रेड हॉईल यांचं.

इथे आपण गुरुमार्गाच्या लोकांनी जरा थांबावं असं आम्हाला वाटतं. प्रयोगाचे प्रमुख होते कोल्हापुरात जन्मलेले आपले डॉ. जयंत नारळीकर. आणि हॉईल हे त्यांचे केंब्रिजमधले गुरू. विश्वाची सुरुवात एका महास्फोटाने झाली हे हॉईल यांना कधी पटलं नाही, आणि सगळं जग दुसरीकडे गेलं तरी नारळीकर त्या मतापाशी गुरूंबरोबर उभे राहिले. हॉईल यांचं आणखी एक मत होतं : जीवनाचं बीज पृथ्वीवर तयार झालं नाही, ते अंतराळातून आलं. श्रीलंकेत जन्मलेले चंद्रा विक्रमसिंघे या विचारात त्यांचे सोबती. हे मत पण फार थोड्यांना मान्य होतं. ऑगस्ट २००१ मध्ये हॉईल गेले.

आता बघा. गुरू गेलेले, गुरूंचं मत जगाने बाजूला ठेवलेलं, आणि शिष्याच्या हातात थेट आकाशातून आलेले तीन अनोळखी जीव. ‘आमचे गुरू बरोबर होते’ असं म्हणण्याचा मोह किती मोठा असेल! आम्ही तर नुसत्या फॉरवर्डवर महाराजांचा फोटो लावून मोकळे झालो. या मंडळींनी एका जिवाणूला गुरूंचं नाव दिलं, पण निष्कर्षात लिहिलं काय, तर हे जीव पृथ्वीबाहेरून आलेत असं यावरून ठामपणे सिद्ध होत नाही, शोध पुढे चालू ठेवायला उत्तेजन मात्र मिळतं. बस्स, इतकंच. गुरूंचं मत खोटं म्हणाले नाहीत, खरं म्हणून खपवलंही नाही.

आणि हे किती शहाणपणाचं होतं ते पुढे दिसलं. आर्यभटाच्या नावाचा जिवाणू नंतर ठिकठिकाणच्या शेतातल्या मातीत, पिकांच्या मुळांपाशी सापडला. आता तो पिकांच्या वाढीला मदत करतो म्हणून त्याच्यावर अभ्यास होतात. आकाशात शोधलेला पाहुणा बांधावरच राहत होता म्हणा ना. (अर्थात तो खालून वर गेला की वरून खाली आला, हे यावरूनही ठरत नाही. ताईंनी हे वाक्य मुद्दाम घालायला सांगितलं.)

पण आपला खरा प्रश्न जिवाणूंचा नाही, बुद्धीचा आहे. गुरुवारच्या उपासनेनंतर पाचवीतल्या एका मुलाने तो विचारला. आपल्या पाठात ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ येतं, ते ऐकून त्याने विचारलं, “तिकडे पण माणसं असतील तर त्यांचे पण महाराज असतील का?” सगळे हसले. एक आजोबा म्हणाले, “गप बस, प्रसाद घे.” तो गप बसला. आम्हीही गप बसलो, आणि ते मनाला लागून राहिलं.

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणारे सहा हजारांहून अधिक ग्रह आजवर सापडलेत. एकट्या आपल्या आकाशगंगेत निदान शंभर अब्ज तारे. एवढ्या पसाऱ्यात फक्त आपणच, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण दुसरी बाजूही आहे. पृथ्वीवर जीवन साडेतीनशे कोटी वर्षांपासून आहे, आणि त्यातला बहुतेक काळ ते एकाच पेशीचं होतं. आकाशात रेडिओ संदेश पाठवू शकणारा जीव होऊन जेमतेम सव्वाशे वर्षं झाली. म्हणजे जीवन असलं तरी बुद्धी असेलच असं नाही, आणि बुद्धी असली तरी त्यांची वेळ आणि आपली वेळ जुळायला हवी. भागवतातला ककुद्मी राजा आठवतो ना? रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, गाणं संपेपर्यंत थांबला, आणि तेवढ्यात खाली युगं उलटून गेली. मनात योजलेल्या वरांपैकी कोणी उरलंच नव्हतं. १९७४ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीतून एका तारकागुच्छाकडे संदेश पाठवला, तो पोहोचायलाच सुमारे पंचवीस हजार वर्षं लागणार. उत्तर आलंच तर तितकीच आणखी.

ककुद्मीची गोष्ट सांगितली म्हणून कोणी लगेच ‘बघा, आपल्याकडे आधीच होतं’ असं म्हणू नका, हं! ती गोष्ट ज्या कामासाठी आहे ते काम ती उत्तम करते. अहंकार उतरवणं हे ते काम. तिला प्रयोगशाळेचा पुरावा करायला गेलं की गोष्टही लहान होते आणि पुरावाही. काही साधकांना उलट भीती वाटते, की तिकडे कोणी निघालं तर ‘नरदेह दुर्लभ’ म्हणतात त्याचं काय. आम्हाला यात अडचण दिसत नाही. शेजारच्या घरात लेकरू जन्मलं म्हणून आपल्या लेकराची किंमत कमी होते का? आमचा स्वतःचा कल विचाराल तर साधं जीवन पुष्कळ ठिकाणी असावं, बुद्धिमान फार क्वचित. पण हा नुसता कल आहे, त्यावर कोणाचा फोटो लावण्यासारखं काही नाही.

पुढच्या गुरुवारी त्या मुलाला जवळ बोलावलं आणि सर्वांसमोर सांगितलं, की तुझ्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला माहीत नाही, आणि महाराजांनीही याबद्दल आम्हाला काही सांगितलेलं नाही. तो जरा खट्टू झाला. मग म्हणाला, “पण ते आले तर त्यांना मराठी येईल का?”

याचं उत्तर मात्र होतं! १९७७ मध्ये निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत. त्यात मराठी आहे, तेलुगू आहे, उर्दू आहे. म्हणजे आपल्या सुलतान बझारात कानावर पडतं ते सगळं तिकडे चाललंय. आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे, ‘जात कहाँ हो’. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. ते यान आता सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर दूर आहे.

आम्ही फोनवर ती भैरवी लावली. साडेतीन मिनिटं कोणी बोललं नाही. संपल्यावर ‘गप बस’ म्हणणारे आजोबा त्या मुलाला म्हणाले, “बाळा, अजून एकदा लाव.”

एक विनंती. मागचा फॉरवर्ड ज्यांनी ज्या ज्या ग्रुपमध्ये पाठवला, त्यांनी हा मजकूर त्याच ग्रुपमध्ये पाठवावा. या वेळी महाराजांचा फोटो लावलेला नाही, कृपया कोणी लावू नये.